१९४४च्या विलीजबद्दल तुम्ही दिलेल्या दोन स्टारना आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तक्रारी अशा आहेत: आमचं ब्रेक किट बसवल्यावर जीप तीन-चार किलोमीटर गेली की ब्रेक आपोआप धरतात आणि मागच्या उजव्या चाकातून ब्रेक ऑइल गळतं. चाकाचे नट बसेनात, पान्याला पाइप लावून जोर दिला तेव्हा दोन स्टड तुटले. आमच्याकडून दुरुस्त करून नेलेला ट्रान्सफर (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी गिअरपेटी) फोर-व्हीलला टाकला की गाडी अडते. आणि शेवटी, कमी पैशात जुनी लष्करी गाडी उभी करणाऱ्याने आमच्या दुकानाची पायरी चढू नये.

नटांची चूक आमची आहे. विलीज एमबीच्या, म्हणजे तुमच्या महायुद्धातल्या जीपच्या, प्रत्येक चाकाला पाच स्टड असतात, अर्ध्या इंचाचे, इंचाला २० आटे. ड्रायव्हरच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या दोन्ही चाकांचे आटे उलटे असतात. तिथला नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तुमच्या बिलावर २० सुलटे नट दिसतात. जायला हवे होते १० सुलटे, १० उलटे. सुलटा नट उलट्या स्टडवर अर्धा आटा धरतो आणि अडकतो. पुढे पाइप लावला की स्टड जाणारच. काउंटरवर गाडी कुठल्या सालची एवढंच विचारलं गेलं, स्टड बघितले का हे विचारलं नाही. १० उलटे नट आणि दोन स्टड आमच्या खर्चाने पाठवतो.

पण नवे स्टड ठोकण्याआधी थांबा. या हबमध्ये स्टड मागून घालून तोंडाशी पसरवलेला असतो, त्यावरच ड्रमही धरलेला असतो. हातोड्याने तसाच मारून काढला तर हबचं भोक मोठं होतं आणि नवा स्टड फिरत राहतो. लेथवाल्याकडून आधी ती पसरलेली कड कापून घ्या, मग प्रेसवर दाबून काढा. आणि चारही चाकं वेगवेगळी तपासा. मूळ उलट्या स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी एल कोरलेला असतो. मधल्या काळात कोणी एखादाच हब बदललेला असेल तर एकाच बाजूच्या दोन चाकांचे आटेही जुळणार नाहीत.

तुमच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मिसळलेल्या भागांत आहे. तुमची जीप कागदावर १९४४ची आहे, पण लष्कराच्या लिलावातून बाहेर पडल्यावर अशा जीपला मिळेल तो भाग लावूनच ती चालती ठेवली गेली. विलीजच्या सांगाड्यावर फोर्डचा बंपर, नंतरच्या सीजे-३बी या नागरी जीपचा मागचा अ‍ॅक्सल, असं सर्रास सापडतं. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर सांगाडा विलीजचा, चौकोनी, उलट्या इंग्रजी यूसारखा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यूचा, म्हणजे फोर्डने बनवलेल्या त्याच जीपचा. फोर्डने बनवलेल्या भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ हे अक्षर असतं. सालावरून सुटा भाग मागणं आणि सालावरून तो विकणं, दोन्ही चुकीचं. कमी बजेटमध्ये तर जास्तच, कारण चुकीचा भाग दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नसतात.

आता ट्रान्सफर. गाडी अडते ती ट्रान्सफरमुळे नसावी असं आमचं मत आहे, पण ते तुम्ही स्वतः अर्ध्या तासात तपासू शकता. एमबीच्या दोन्ही अ‍ॅक्सलचं प्रमाण, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (ट्रान्सफरकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) फेरे, ४.८८ आहे, सीजे-३बीचं ५.३८. जीप सपाट जागी घ्या, जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. यात हयगय नको: या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफरच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचं एक चाक उचललं की हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही. शिवाय मोजणीसाठी तो सोडावाच लागतो. ट्रान्सफर न्यूट्रलला, पुढचा अ‍ॅक्सल सोडलेला. मागचं एक चाक जॅकवर उचलून घोडीवर टेकवा. ड्रमवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा; दुसरं चाक थांबलेलं असल्याने हे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याइतकंच होतं. शाफ्टचे फेरे पाचाला थोडे कमी भरले तर ४.८८, पाचाच्या वर तिसऱ्या भागाहून थोडे जास्त भरले तर ५.३८. मग पुढच्या अ‍ॅक्सलला हेच करा.

दोन आकडे वेगळे आले तर फोर-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाकं दहा टक्के वेगळ्या गतीने फिरू पाहतात. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या रस्त्यावर तो सगळा ताण ट्रान्सफरच्या गिअरवर येतो. तोपर्यंत फोर-व्हीलचा दांडा ओढू नका. ब्रेक आणि स्टड दुरुस्त झाले की टू-व्हीलमध्ये जीप खुशाल चालेल. आकडे सारखे आले आणि टायरही चारही ६.००-१६च असले, तर ट्रान्सफर घेऊन या, मजुरी न घेता उघडून बघू. आणि प्रमाण जुळत असलं तरी डांबरी रस्त्यावर फोर-व्हील वापरायचं नसतं, मध्ये डिफरन्शियल नाही.

ब्रेकबद्दल तुम्ही लिहिलंय की सिलिंडर 'रॉकेलने चकचकीत धुऊन' मग कप (सिलिंडरमधले रबरी सील) बसवले. बिघाड तिथे झाला असावा. ब्रेकच्या रबराला रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, ग्रीस यांचा थेंबही चालत नाही. रबर फुगतं, कप परत मागे सरकत नाही. धुवायला ब्रेक ऑइल किंवा मेथिलेटेड स्पिरिट वापरावं आणि बसवताना कपाला ब्रेक ऑइलच लावावं. फुगलेले कप वाळवून परत वापरता येत नाहीत, फेकायचेच. हे किटच्या पाकिटावर मराठीत छापलेलं नव्हतं, आता छापतो आहोत.

तरी सगळा दोष रबरावर टाकत नाही. ब्रेक आपोआप धरण्याचं याहून जास्त आढळणारं कारण म्हणजे पेडलची मोकळी चाल. पेडल दाबल्यावर पहिला साधारण अर्धा इंच काहीच जोर लागता कामा नये. ती चाल नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, गरम होऊन फुगलेलं ऑइल परत जाऊ शकत नाही आणि ते ब्रेक लावत सुटतं. चार किलोमीटरनंतरच का, याचं उत्तर हे. ड्रायव्हरच्या पायाखालची पत्र्याची झडप काढून मास्टर सिलिंडरचं झाकण उघडा, कोणाला तरी पेडल हलकं दाबायला सांगा. ऑइलमध्ये छोटी उसळी दिसली तर भोक मोकळं आहे. दिसली नाही तर पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे जाणाऱ्या दांड्याची लांबी कमी करा.

एवढं करूनही धरले, तर धरलेल्या अवस्थेतच मास्टर सिलिंडरवरचा नळीचा नट किंचित ढिला करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये. नाही सुटलं तर धरलेल्या चाकाचं ब्लीड निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचं तोंड) उघडा. आता सुटलं तर मधला रबरी होज आतून बंद झालाय. जुना होज बाहेरून नवा दिसतो, आतला थर सुटून झडपेसारखा बसतो. तेव्हाही नाही सुटलं तर ड्रम उघडा: स्प्रिंग, गंजलेला पिस्टन, किंवा उलट लागलेले शू. लांब लायनिंगचा शू पुढच्या बाजूला असतो.

मागच्या उजव्या चाकाची गळती तुमच्या फोटोतून कळते. सिलिंडरच्या भिंतीला नखाला लागतील असे खड्डे आहेत. पॉलिश पेपरने ते जात नाहीत, होन करून, म्हणजे आतून घासून, घालवायला गेलं तर भोक मोठं होतं आणि कप सैल पडतो. एमबीला पुढचे सिलिंडर १ इंची, मागचे पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी. व्हर्निअरने मोजा. १९.१५च्या वर गेलं असेल तर नवं सिलिंडर घ्या किंवा लेथवर पितळी स्लीव्ह बसवून घ्या. आणि तुमचा मागचा अ‍ॅक्सल सीजेचा निघाला, तर सिलिंडरचं माप आणि ड्रमही मोजा. एमबीचा ड्रम ९ इंची असतो, नंतरच्या जीपचे मोठे ड्रम लावलेले सापडतात. माप कळवा, त्याच मापाचं किट आमच्या खरेदीच्या भावाने देतो.

तुम्ही पैसे आधी रंगाला आणि हुडाच्या कॅनव्हासला घातलेत, म्हणून ब्रेकला उरले नाहीत, हे वाचून वाईट वाटलं. ब्रेक ऑइल रंग खातं. आता दुरुस्ती करताना जिथे थेंब पडेल तिथे लगेच पाणी ओता, पुसत बसू नका. आणि पुढचे सहा महिने मूळ खुणांचे बोल्ट, जुन्या पॅकिंगमधले सुटे भाग यांच्यामागे लागू नका, आमच्याकडूनसुद्धा घेऊ नका.

मेकॅनिकने डिझेल इंजिन बसवायचा सल्ला दिलाय, तो मात्र ऐकू नका. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली. नंबरात व्हीए अक्षरं, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. त्यासाठी सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. २.२ लिटरचं मूळ पेट्रोल इंजिन तुमच्याकडे आहे, सुरूही होतं. ते जपा.

शेवटची गोष्ट तातडीची आहे. गळणाऱ्या पेट्रोल टाकीला घरीच वेल्डिंग करणार असं तुम्ही लिहिलंय. करू नका. टाकी महिनाभर रिकामी असली तरी शिवणीत आणि गंजाच्या थरात पेट्रोलची वाफ राहते आणि टाकी फुटते. ही टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणून जुजबी लेपावरही भागवू नका. काढून टाकी-रेडिएटरचं काम करणाऱ्याकडे द्या. तोपर्यंत कार्ब्युरेटर तपासायला पाच लिटरचा धातूचा कॅन पुरतो, तो इंजिनापासून लांब ठेवा.

नट आणि स्टड बिलावरच्या पत्त्यावर पाठवतो. ट्रान्सफर आणायचा असेल तर सोमवार ते शनिवार, सकाळी दहानंतर. येताना दोन्ही अ‍ॅक्सलचे मोजलेले फेरे लिहून आणा.