पळस बघून लिहिलं, म्हणून चूक?

पंधरा दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. माझी लेक तिसरीत आहे, मराठी शाळेत. परिसर अभ्यासाच्या सराव पेपरात प्रश्न होता, 'वसंत ऋतूत झाडांमध्ये कोणता बदल दिसतो?' पोरीने लिहिलं, 'पळसाला एकपण पान नसते. सगळी केशरी फुले असतात. पिंपळाची पाने तांबडी असतात.' त्यावर लाल पेनाने ही एवढी मोठी फुली! बाजूला शेरा, 'वहीतले उत्तर लिही.' वहीतलं उत्तर काय, तर 'वसंत ऋतूत झाडांना नवी पालवी फुटते.' आणि तेच पाच वेळा लिहून आणायचं.

तिने आणलं लिहून. जेवणं झाल्यावर बसली, पाचव्या ओळीला अक्षर वाकडं व्हायला लागलं, खोडरबरने कागद फाटला, मग रडली. म्हणे, 'पण आई, मी खरंच बघितलं होतं ना?'

हो बाळा, बघितलं होतंस. शिमग्याला आम्ही भोरकडे गेलो होतो. रस्त्याला पळस दिसला तशी आजोबांनी गाडी थांबवायला लावली. खाली नुसता सडा. हिने एक फूल उचललं, वाघनखासारखं वाकडं, देठाशी काळसर मखमल. वर साळुंक्यांचा कालवा चाललेला. हिने विचारलं, 'आजोबा, पळसाला पाने तीनच म्हणतात ना, मग इथे एकही कसं नाही?' ते म्हणाले, 'आधी फुलं, मग पानं. चैत्र सरता सरता येतील बघ.' परत येताना दोन फुलं कंपासपेटीत ठेवून आणली. आठ वर्षांच्या पोरीने झाड बघितलं, म्हण आठवली, त्यावर प्रश्न विचारला. परिसर अभ्यास याहून वेगळा काय असतो हो?

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं काढते. कशासाठी? पोराला स्वतःचा परिसर कळावा म्हणूनच ना? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात तर सरळ लिहिलंय की मुलांनी कृतीतून, शोध घेत शिकावं. 2010 पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर शिकता शिकताच मुलाची पारख करणं, आहे, त्यात निरीक्षणाला, उपक्रमाला जागा आहे. कागदावर सगळं आहे. आणि वर्गात? फेब्रुवारी संपता संपता 'पोर्शन झाला', की एप्रिलच्या परीक्षेपर्यंत नुसती उजळणी. फळ्यावर उत्तर, फळ्यावरून वहीत, वहीतून पेपरात. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, पोरं घडाघडा म्हणतात. शाळेच्या मैदानात कडुनिंब फुललाय, सकाळच्या शाळेला गेटपाशी उभं राहिलं तरी वास येतो. 'गुढीपाडव्याला कडुनिंब का खातात' हे चार ओळींत पाठ करून घेतलं, पण त्या झाडाखाली वर्ग एकदाही नेला नाही. दहा मिनिटं लागली असती.

प्रकल्पाचं तर विचारूच नका. 'ऋतूंचा तक्ता करून आणा.' म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात जायचं, छापील चित्रांचा कागद आणायचा, कापायचं, चिकटवायचं. आमच्या कागदावर वसंत ऋतू म्हणून कसली गुलाबी फुलं होती माहितीये? चेरीची! पुणे जिल्ह्यातल्या पोरीने वसंत म्हणून चेरीची फुलं चिकटवली, तर बरोबरची खूण. पळस लिहिला, तर फुली. खाली 'कोकिळा गाते' असंही छापलेलं. अहो, गातो तो नर, काळा कोकीळ. मादी ठिपक्याठिपक्यांची असते. आमच्या मागच्या आंब्यावर रोज पहाटे पाचला बोंबलतो, पोरगी त्याला ओळखते.

बाईंवर किती कामं असतात ते मला माहीत आहे. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, वर चाळीस पोरं. त्याबद्दल माझं एका शब्दाचं म्हणणं नाही. पण फुली मारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच 'तू कुठे पाहिलंस?' असंही लिहिता आलं असतं.

मी शाळेत जाऊन भेटले. उत्तर मिळालं, 'सगळ्यांचं एकच उत्तर असलं की तपासायला बरं पडतं. नाहीतर दुसरे पालक भांडायला येतात, तिला मार्क दिले मग आमच्या मुलाला का नाही.' आणि तेही खोटं नाही, याचीच जास्त चीड येते! आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री हेच. 'उत्तरांचा फोटो टाका प्लीज.' 'पान 74 चा दुसरा प्रश्न बाईंनी काय लिहून दिलाय?' अर्धा मार्क गेला की आकाशपाताळ एक करणारे आपणच. मूल दिवसभरात काय बघून आलं, हे तिथे कुणी विचारलेलं मी तरी वाचलं नाही.

काल पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. फुलं जवळजवळ संपलीत, फांद्यांना कोवळी पानं, तीन-तीनच्या जुडीने. मी गाडीतून दाखवलं, 'बघ गं, आजोबा म्हणाले होते तशी आली पानं.' तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, 'म्हणजे आता वहीतलं उत्तर बरोबर आहे.' खाली उतरायचं का विचारलं, तर नको म्हणाली. उद्या परिसर अभ्यासाचा पेपर आहे, पाठ करायचंय.