डावीकडे वळून उभं राहिलं की स्लाइस वाढतो

गोल्फमध्ये ड्रायव्हरनं (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबनं) मारलेला बॉल उजवीकडे वळून रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, नाहीतर थेट हद्दीबाहेर जातो. यालाच स्लाइस म्हणतात. यावर एक उपाय मोबाइलवरून सगळीकडे फिरतोय. तो थोडक्यात असा: "बॉल स्विंगच्या दिशेनं सुटतो आणि शेवटी क्लबचा फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) जिकडे बघत असेल तिथे येऊन पडतो. म्हणून फेस लक्ष्यावर ठेवा, पाय आणि खांदे डावीकडे वळवा, बॉल लागताना मनगटं जोरात फिरवा, डोकं खालीच ठेवा. तरीही जमलं नाही तर ड्रायव्हरचं सेटिंग बदला."

यातलं पहिलंच वाक्य चूक आहे आणि पुढचं बरंचसं त्याच वाक्यावर उभं आहे. (खालचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.)

बॉल कुठल्या दिशेनं सुटणार हे मुख्यतः फेस ठरवतो, स्विंग नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेतला साधारण ८५ टक्के वाटा फेसचा आणि उरलेला क्लबच्या मार्गाचा, म्हणजे बॉल लागताना क्लबचं डोकं ज्या दिशेनं जातं तिचा, असतो. मार्ग आणि फेस यांत जो फरक पडतो, त्यानं बॉल पुढे हवेत वळतो. नेब्रास्का विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी हे गणित १९९० च्या दशकातच मांडलं होतं. पुढे ट्रॅकमनसारखी रडारयंत्रं आली आणि ते प्रत्येक फटक्याला मोजता येऊ लागलं. जुना नियम मात्र त्याआधी कित्येक दशकं शिकवला गेला होता, त्यामुळे तो अजून तोंडातोंडी आहे.

आता त्या सल्ल्यालाच आकडे लावून बघू. फेस बरोबर लक्ष्यावर आहे आणि पाय-खांदे डावीकडे वळवल्यामुळे क्लबचा मार्ग ६ अंश डावीकडे जातोय. जुन्या नियमानुसार २०० यार्डांच्या फटक्यात बॉल २१ यार्ड डावीकडच्या रेषेवर सुटेल आणि वळून लक्ष्यावर येईल. प्रत्यक्षात तो जेमतेम १ अंश डावीकडे सुटतो, म्हणजे तीनेक यार्ड. फेस मार्गाच्या मानानं ६ अंश उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा (डावीकडे वळला की तो बंद), असल्यामुळे पुढे तो तीस-पस्तीस यार्ड उजवीकडे वळतो. तीस यार्ड उजवीकडे म्हणजे बहुतेक ठिकाणी थेट रफमध्ये.

घोटाळा इथे संपत नाही. बॉल उजवीकडे गेला की माणूस आणखी डावीकडे वळून उभा राहतो. त्यानं मार्ग आणखी डावीकडे जातो, फेस आणि मार्ग यांतली फट वाढते आणि वळणही वाढतं. औषधच रोग वाढवतं म्हणतात ते हेच.

"माझा नऊ नंबर आयर्न सरळ जातो, ड्रायव्हरच खराब आहे" ही याच सल्ल्याची पुरवणी. स्विंगमधला दोष दोन्हीकडे तोच असतो. बॉलला बॅकस्पिन वेगळा आणि साइडस्पिन वेगळा असे दोन फिरकीचे प्रकार मिळत नाहीत. फिरकी एकच असते, फक्त तिचा अक्ष कलतो. वळणावर झुकलेल्या मोटारसायकलसारखा बॉल ज्या बाजूला कललाय त्या बाजूला वळतो. लॉफ्ट म्हणजे फेस मागे किती कललाय तो कोन; नऊ नंबर आयर्नसारख्या जास्त लॉफ्टच्या क्लबनं मागे फिरणारी फिरकी इतकी मिळते की ३ अंशांच्या चुकीनं अक्ष पाचेक अंशच कलतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी, त्यामुळे त्याच ३ अंशांनी तो तेरा-चौदा अंश कलतो. आयर्न तुमची चूक लपवतो, ड्रायव्हर ती दाखवतो.

उपायाआधी निदान हवं, आणि त्या संदेशात निदानाला जागाच नाही. "उजवीकडे जातो" हे वर्णन पुरत नाही. बॉल उजवीकडेच सुटून सरळ राहतो का? मग फेस आणि मार्ग दोन्ही उजवीकडे आहेत, आणि डावीकडे वळवणारे बहुतेक इलाज इथे चुकीचे. डावीकडे सुटून उजवीकडे वळतो का? मार्ग डावीकडे आहे. उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे वळतो का? फेस फारच उघडा आहे. तेव्हा बॉल कुठे पडला हे सोडा. पहिल्या वीस-तीस यार्डांत तो कुठल्या रेषेवर होता हे बघा. पाहणारा असेल तर त्याला तुमच्या मागे, बॉल-लक्ष्य रेषेवर उभं करा.

दुसरी तपासणी फेसवरची. व्हाइटबोर्डच्या मार्करनं बॉलच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका काढा, ठिपका फेसकडे करून बॉल टीवर (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. शाई फेसवर उमटते. पाच बॉल असे मारा, दर वेळी ओल्या फडक्यानं फेस पुसा. खुणा शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, म्हणजे हीलकडे, पडत असतील तर फेस आणि मार्ग बरोबर असूनही बॉल उजवीकडे वळेल. धक्क्यानं क्लबचं डोकं फिरतं आणि दोन दातेरी चाकांसारखी बॉलला उलट फिरकी बसते. अशा माणसानं ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, बदलून काही साधणार नाही. तो बॉलच्या फार जवळ उभा आहे, किंवा खाली येताना त्याचं वजन चवड्यांवर जातंय.

"बॉल लागताना मनगटं फिरवा" हा सल्ला ऐकायला सोपा आहे. बॉल आणि फेस यांचा स्पर्श साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो. त्या वेळी फेस सेकंदाला दोन-तीन हजार अंशांच्या गतीनं बंद होत असतो. म्हणजे एक मिलिसेकंद चुकली की दोन-तीन अंशांचा फरक. हे हातानं वेळेवर साधणार कोण? म्हणून मनगटं फिरवणाऱ्याचा एक बॉल उजव्या झाडीत आणि पुढचा डाव्या झाडीत जातो.

फेस बंद करायचं काम ग्रिपकडे द्या, स्विंग सुरू होण्याच्या आधी. आधी उजव्या हातानं क्लब धरून फेस लक्ष्यावर लावा. डावा हात मोकळा खाली सोडा आणि तो नैसर्गिक कलानंच ग्रिपवर आणा. ग्रिप करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत, बोटांत यावी, तळव्यात नको. वरून बघताना डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी दोन ते तीन गाठी दिसायला हव्यात, आणि अंगठा-तर्जनीतल्या खाचेचं टोक उजव्या खांद्याकडे हवं. उजवा हात बाजूनं, थोडा खालून, त्याच कलानं. ग्लोव्ह उलटा करून बघा: मनगटाजवळच्या गादीवर भोक पडलं असेल तर क्लब तळव्यात धरला जातोय. ग्लोव्हच्या कंपनीला दोष देण्याआधी हे तपासावं.

आता होणारी चूक आधीच सांगतो. ग्रिप सुधारल्यावर पहिले काही बॉल सरळ डावीकडे जातील. फेस बंद होऊ लागला, पण मार्ग अजून डावीकडेच आहे. बहुतेक जण इथे घाबरून जुन्या ग्रिपवर परततात. परतू नका, आता मार्गाकडे वळा.

मार्ग डावीकडे जाण्याचं कारण बऱ्याचदा उभं राहण्यातच असतं. ड्रायव्हरचा बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर हवा. तो पंजासमोर गेला की त्याला गाठायला खांदे उघडतात आणि क्लब बाहेरून आत येतो. उजवा हात ग्रिपवर खाली असल्यामुळे उजवा खांदा तसाही पुढे यायला बघतो. तो खाली आणि मागे ठेवा. टीची उंची अशी की क्लब जमिनीवर टेकवल्यावर अर्धा बॉल त्याच्या वर दिसेल. सरावाच्या रेंजवरच्या रबरी टीची उंची तुमच्या हातात नसते, तेव्हा माप जुळत नसेल तर सराव गवतावर स्वतःची टी लावून करा.

मग क्लबचं कापडी कव्हर घ्या. बॉलच्या मागे फूटभर, लक्ष्यरेषेच्या बाहेर, क्लबच्या पुढच्या टोकापासून चार बोटं जागा सोडून ते ठेवा. उजवं पाऊल दोन-तीन इंच मागे घ्या. खांद्याच्या उंचीपर्यंतच स्विंग करून वीस बॉल मारा. कव्हरला क्लब लागला तर मार्ग अजून बाहेरून येतोय. तिथे काठी किंवा बाटली ठेवू नका. क्लबही फुटेल आणि मनगटही.

"डोकं खालीच ठेवा" यावर एवढंच: डोकं गाडून ठेवलं की छाती वळायची थांबते आणि हात एकटेच पुढे जातात. बॉल सुटल्यावर डोकं छातीबरोबर वळू द्या.

राहिलं सेटिंग. ड्रायव्हरच्या मानेतली कळ फिरवून लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो. अंतर वाढावं म्हणून साडेदहाचा ड्रायव्हर नऊवर नेणारे नेमके स्लाइसवालेच असतात. त्यात फेस उघडतो आणि कमी लॉफ्टमुळे अक्षही जास्त कलतो. वाढवा, दीड-दोन अंश. हीलकडे सरकवलेलं वजनही थोडी मदत करतं. यानं काही यार्ड वाचतील, ६ अंशांचा मार्ग दुरुस्त होणार नाही. आणि हे फेरीच्या आधीच उरका: फेरी चालू असताना सेटिंग बदलून त्याच क्लबनं फटका मारला तर नियमानुसार स्पर्धेतून बाद.

उद्याच सामना असेल तर यातलं काही नवीन करायला जाऊ नका. टी बॉक्सच्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) उजव्या कडेला टी लावा, फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या काठावर निशाणा धरा आणि फेससुद्धा त्याच काठाकडे वळवा, लक्ष्याकडे नाही. उजवीकडे हद्द जवळ असेल तर ड्रायव्हरऐवजी जास्त लॉफ्टचा तीन नंबर वुड काढा.