ऑर्डर दिली, पण इंजिन कधी?
आपल्या तेजस लढाऊ विमानासाठी अमेरिकेकडून अजून ११३ इंजिनं घेणार म्हणून लेखात एवढा आनंद, पण आधीची ९९ ची ऑर्डर २०२१ ची आणि त्यातलं पहिलं इंजिन यायला मार्च २०२५ उजाडला, हे मात्र एका ओळीत उरकलंय. आम्ही गोव्यातले वास्कोवाले, बाजूच्या दाबोळी विमानतळावरनं नौदलाचं रशियन मिग-२९के लढाऊ विमान उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात, फोनवर समोरचा काय बोलतो कळत नाही, असो, त्याची सवय झाली. पण त्याच मिगची ६५ पैकी ४० इंजिनं बिघाडामुळे काढावी लागली असं कॅगच्या (सरकारी खर्च तपासणाऱ्या ऑडिटरच्या) २०१६ च्या रिपोर्टात आहे!! म्हणजे विमान घेताना सगळे खूश आणि पार्ट कुठनं येणार, रिपेअर कोण करणार ते मागाहून बघू. आणि लढाऊ विमानासाठीचं आपलं देशी कावेरी इंजिन बनवायचं काम १९८९ पासून चाललंय बाबा, तिथे पैसे सोडताना हात आखडता. त्या ९९ इंजिनांच्या उशिराचा दंड अमेरिकन कंपनीकडून वसूल केला का ते विचारा ना कोणीतरी.