हामोनसोबत दमदार रेड? उलट फिनो शेरी काढा

फिरणारा सल्ला असा: हामोन इबेरिको (इबेरियन डुकराची मिठात मुरवून वाळवलेली मांडी, म्हणजे हॅम) म्हणजे चरबीदार मांस, त्यात स्पेनचं, म्हणून सोबत स्पेनच्या रिओहा भागातली ग्रान रेसेर्वाच (बरीच वर्षं मुरवलेली रेड वाइन) उघडा, तिच्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट घटक, चरबी कापतं. शेरी ही स्पेनचीच वाइन, पण गोड, ती जेवणानंतर.

टॅनिनचं म्हणणं निखाऱ्यावरच्या जाड स्टेकला लागू पडतं. बेयोता दर्जाचा हॅम ओकची फळं खाऊन वाढलेल्या डुकराचा. त्याच्या चरबीत निम्म्याहून जास्त ओलेइक आम्ल असतं, तेच जे ऑलिव्ह तेलात मुख्य. पातळ काप बोटांत धरला तरी तो चकाकायला लागतो. तिथे कापायचं काय? शिवाय दोन-तीन वर्षं मुरताना प्रथिनं फुटून ग्लुटामेट वाढतं. (कापावरचे पांढरे ठिपके टायरोसिन या अमिनो आम्लाचे असतात, बुरशी नव्हे, खरवडू नका.) हा उमामी (ग्लुटामेटची मांसल, खमंग चव) वाइनचा कडवटपणा आणि तुरटपणा वर काढतो. जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढते, तसं होतं, आणि हॅमचा अक्रोडासारखा वास ओकच्या पिंपातून आलेल्या व्हॅनिलाखाली गुदमरतो. रिओहाची ग्रान रेसेर्वा तर किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात असते. महाग हॅमला महाग रेड हा हिशेब म्हणूनच फसतो. रेडच हवी तर ओक न लागलेली तरुण टेम्प्रानियो (स्पेनच्या काळ्या द्राक्षांची वाइन) घ्या, १४ अंशांवर.

शेरी गोड? क्रीम शेरी गोड असते. दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची फिनो आणि सानलुकारची मान्सानिया याही शेरीच, पण कोरड्या ठणठणीत, म्हणजे गोडवा नसलेल्या: पिंपातल्या वाइनवर फ्लोर नावाचा यीस्टचा थर चढतो, तो ग्लिसरीनसुद्धा खातो. टॅनिन जवळपास नाही, मद्यार्क १५ टक्क्यांच्या आसपास, चवीला बदाम आणि हिरवं सफरचंद. ७ ते ९ अंशांवर, साध्या व्हाइट वाइनच्या ग्लासात ओता. 'शेरी उघडली तरी महिनोन्‌महिने टिकते' हे मात्र फिनोला लावू नका. फ्रिजमध्ये ठेवूनही आठवड्याच्या आत संपवा, नाहीतर ताजेपणा जाऊन ती बसकी लागते.

सेरानो हा स्पेनचा दुसरा हॅम, पांढऱ्या डुकराचा, कमी मुरलेला. त्याला ब्रूट नेचर कावा (स्पेनची अगदी कोरडी बुडबुड्यांची वाइन) पुरते. फिनो मिळाली नाही, तर नाशिककडची ब्रूट स्पार्कलिंगही चालेल.

आणि पुष्कळदा दोष वाइनचा नसतोच. पाकीट फ्रिजमधून थेट ताटात आलं की चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, मग कुठलीही वाइन आंबट लागते. अर्धा तास आधी बाहेर काढा, पाकीट उघडा, काप सुटे करा. चरबी पांढरी दिसत असेल तर थांबा. पारदर्शक झाली की ओता.