चार चेकांचा संसार

आमच्या इमारतीच्या लॉबीत गेल्या महिन्यात नवा सोफा आला आणि भाडेकरूंमध्ये घबराट पसरली. सोफा चांगला होता, घबराट त्याचीच. शेजारी दोन उंच कुंड्या, भिंतीवर वाळवंटाचं चित्र आणि कोपऱ्यात सुगंध सोडणारं एक यंत्र. लिफ्टमध्ये भेटलेले केरळी शेजारी हळूच म्हणाले, "भाईसाब, स्टार बढ़ेगा।"

दुबईत जानेवारी २०२५ पासून भाड्याचा नवा 'स्मार्ट' निर्देशांक आला आहे. सरासरी भाडं ठरवताना तो नुसता विभाग बघून थांबत नाही. इमारतीची देखभाल, सोयी वगैरे बघून तिला तारेही देतो. तारे वाढले की सरासरी भाडं वर जातं, आणि सरासरी वर गेली की मालकाला वाट मोकळी. २०१३ च्या आदेशाप्रमाणे तुमचं भाडं सरासरीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर एका दिरहमचीही वाढ नाही. त्यापुढे तफावत जेवढी, तेवढी वाढीची पायरी वरची : पाच, दहा, पंधरा आणि फार झालं तर वीस टक्के. थोडक्यात, घर जितकं स्वस्तात पदरात पडलेलं, तितकी धास्ती जास्त.

त्यामुळे लिफ्ट दुरुस्त व्हावी म्हणून एरवी लोक सोसायटीत भांडतात, आम्ही ती अशीच कण्हत राहावी म्हणून देवाला साकडं घालतो. जिममधला ट्रेडमिल बंद आहे, पण कोणी चकार शब्द काढत नाही. एका नव्या भाडेकरूने तक्रार केली होती. त्याला दोन-तीन कुटुंबांनी मिळून समज दिली. सोफ्यावर मुलांना चप्पल घालून नाचू द्यावं, असाही एक विचार पुढे आला होता. तो माझा होता, पण बायकोने संस्कारांचा मुद्दा काढला.

रात्री दोघांनी भाडेवाढीचा सरकारी कॅल्क्युलेटर उघडला. स्थळाच्या पत्रिकेत मंगळ निघतो का, हे बघताना मुलीकडचे धरत नसतील एवढा श्वास आम्ही रोखून धरला होता. मंगळ निघाला. कडक नव्हता, पाच टक्क्यांचा होता. करारात बदल करायचा तर मालकाने मुदत संपण्याआधी नव्वद दिवस कळवावं लागतं. ती वेळ टळण्याच्या आदल्याच दिवशी आमच्या मालकांचा ईमेल आला. गीझर बदलून द्यायचा होता, तेव्हा हा वक्तशीरपणा कुठे सुट्टीवर गेला होता कोण जाणे.

भाडं ठरलं की चेक लिहायचे, तेही पुढच्या तारखांचे आणि एकदम वर्षभराचे. एकाच चेकात वर्षाचं भाडं दिलंत तर मालक खूश होतो आणि भावही जरा उतरतो. बारा चेक म्हटलं की एजंट घड्याळाकडे बघू लागतो. आम्ही पडलो चार चेकवाले. आमच्या घरी जानेवारी-फेब्रुवारी कोणी मोजत नाही. चेकच्या आधीचा महिना, चेकचा महिना आणि चेकनंतरचा महिना, एवढंच पंचांग. आधीच्या महिन्यात पाहुण्यांना जेवायला बोलवायचं नाही. चेकच्या महिन्यात आपल्याला कोणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही.

वीज-पाण्याच्या बिलालाही भाडं चिकटलेलंच. त्याच बिलात हाउसिंग फी म्हणून वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के रक्कम बारा हप्त्यांत वसूल होते. भाडं वाढलं की तीही वाढते, तिथे दिवे मालवून काही उपयोग नाही. मी तरीही मालवत फिरतो. बाथरूममध्ये कोणी असलं तरी. २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहेच. खासगी शाळांना २०२५-२६ साठी २.३५ टक्क्यांपर्यंत फीवाढीची मुभा मिळाली. पगारवाढीची मुभा कुठल्या खिडकीवर मिळते, याची चौकशी चालू आहे.

टोलवर मात्र मी तोड काढली. आता कामाच्या दिवशी सकाळी सहा ते दहा टोल सहा दिरहम, दुपारी चार दिरहम आणि मध्यरात्री एक ते पहाटे सहा चक्क फुकट. म्हटलं, सहाच्या आतच कमानीखालून जायचं. गेलो. ऑफिस उघडतं आठला. दोन तास गाडीत बसायचं तर एसीसाठी पेट्रोल जळतं, म्हणून कॅफेत बसलो. कॅफेत नुसतं बसू देत नाहीत, म्हणून कॉफी घेतली. कॉफीने भूक लागली, म्हणून सँडविच. बायकोने संध्याकाळी बिल बघितलं आणि काही न बोलता एक्सेलमध्ये 'इतर' खाली टाकलं. आमच्याकडे 'इतर' हा रकाना भाड्याच्या खालोखाल आहे.

एवढ्यात पुण्याहून आत्याचा फोन. "अरे, दिरहम चोवीस रुपयांवर गेला म्हणे! मजा आहे बाबा तुमची."

दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे डॉलरपुढे रुपया घसरला की आम्हाला अभिनंदनाचे फोन येतात. आमचं भाडं, दूध, शाळा सगळं दिरहममध्येच आहे, आणि मजा त्याची, ज्याच्याकडे महिनाअखेरीस घरी पाठवायला दिरहम उरतात, हे मी आत्याला समजावू पाहिलं. आत्याचं गणित पक्कं आहे, पगार गुणिले चोवीस. मी भाडं गुणिले चोवीस करून सांगितलं, तर म्हणाली, "एवढं भाडं भरतोस? मग मोठ्ठं घर असेल रे!"

"एक बेडरूम आहे, आत्या."

"असू दे. दिवाळीला येतोयस ना?"

दिवाळी ऑक्टोबरात आणि ऑक्टोबर चेकचा. मी म्हटलं, "डिसेंबरात बघतो."

"चालेल. येताना दोन बांगड्या आण, सोनं तिकडे स्वस्त असतं. आणि पैसे रुपयांत सांग हो, उगाच चोवीसने गुणून मला लुबाडू नकोस."