टूलबार बटणांच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

निनावी महोदय,

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा खरं तर ठरवलं होतं की सोडून द्यावं, पण तिच्याखाली लगेच "अगदी बरोबर", "सहमत" असं सुरू झालं, आणि आता गप्प बसलो तर लोकांना वाटेल की याच्याकडे उत्तरच नाही. म्हणून लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जूमला ही वेबसाइट बनवायची आणि सांभाळायची प्रणाली, तिच्या अ‍ॅडमिन कंपोनंटमध्ये (व्यवस्थापकाच्या बाजूला चालणाऱ्या जोडणीत) वरच्या टूलबारवर आपलं स्वतःचं बटण कसं टाकायचं यावर मी लिहिलं होतं. यांचं म्हणणं असं की टूलबारहेल्पर (एका ओळीत बटण लावून देणारा तयार क्लास) जुना झाला, गेटइन्स्टन्स या मेथडने टूलबार ऑब्जेक्ट थेट घ्यायचा आणि त्यावर बटणं लावायची. शिवाय यांच्या मते ड्रॉपडाऊनबद्दल (अनेक बटणं एका मेनूत ठेवण्याबद्दल) मी चकार शब्द काढला नाही. परवानगी नसेल तर बटण दाखवू नका एवढंच सांगितलं, कंट्रोलरमध्ये (बटणाचं काम प्रत्यक्ष करणाऱ्या कोडमध्ये) तपासणी दाखवली नाही, टोकनही (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणारी खूण) नाही. आणि मग शेवटी हे रत्न: "लिहायला बसण्याआधी निदान डॉक्युमेंटेशन तरी उघडायचं."

आता या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू.

मी जूमला १.५ पासून वापरतोय. ते २००८ च्या जानेवारीत आलं. तेव्हा कंपोनंट लिहायचा म्हणजे काय होतं हे तुम्हाला माहीत असेल तर चांगलंच, नसेल तर ऐका. कोअरमधला, म्हणजे जूमलासोबतच येणारा, वेबलिंक्सचा कंपोनंट उघडायचा, त्याच्या फाइली एकेक करून वाचायच्या, कॉपी करायच्या, नावं बदलायची आणि काय मोडतंय ते बघत बसायचं. बटणाला स्वतःचा आयकॉन हवा असेल तर ३२ पिक्सेलचं चित्र करायचं, सीएसएसमध्ये आयकॉन-३२ ने सुरू होणारा क्लास लिहायचा आणि बॅकग्राउंड म्हणून ते चित्र लावायचं. हेल्परच्या कस्टम नावाच्या मेथडला तिसरा आर्ग्युमेंट असतो ना, जिथे आता सगळे रिकामं कोट टाकतात? तो माऊस नेल्यावर दिसायच्या दुसऱ्या आयकॉनसाठी होता. आज त्याचा काही उपयोग नाही, पण जागा अडवून बसलाय, आणि नवीन माणूस तो विसरला की पुढचे सगळे आर्ग्युमेंट एकेक घर सरकतात आणि बटणाचं नावच गायब होतं. माझ्या लेखात हे लिहिलेलं आहे. डॉक्युमेंटेशन न उघडणाऱ्या माणसाला हे स्वप्नात दिसलं असेल बहुतेक.

एका संस्थेचा कंपोनंट माझ्याकडे दुरुस्तीला आला होता, नाव सांगत नाही. तक्रार एवढीच की एक्स्पोर्टचं बटण दाबलं की काहीच होत नाही. एरर नाही, पान हलत नाही, लॉग कोरा. आधीच्या डेव्हलपरने म्हणे बराच वेळ कंट्रोलर तपासण्यात घालवला होता. कंट्रोलर बरोबरच होता हो. लेआउटमधल्या फॉर्मचा आयडी अ‍ॅडमिनफॉर्म नव्हता, दुसराच काहीतरी ठेवलेला. बटण दाबल्यावर जूमलाची सबमिटबटन ही जावास्क्रिप्ट चालते, ती अ‍ॅडमिनफॉर्म शोधते, त्यातल्या टास्क नावाच्या लपलेल्या फील्डमध्ये बटणाचा टास्क (कोणतं काम करायचं त्याचं नाव) टाकते आणि फॉर्म पाठवते. फॉर्मच सापडला नाही तर पाठवणार काय. आणि फॉर्म पोचला की टास्कमधल्या टिंबाच्या डावीकडचं नाव कंट्रोलरचं, उजवीकडचं मेथडचं, तिथून पुढचं काम त्या मेथडचं. बटण, टास्क, फॉर्म, कंट्रोलर ही साखळी ज्याला कळली त्याला टूलबार कळला, मग बटण हेल्परने लावा नाहीतर आणखी कशाने. माझा अख्खा लेख या साखळीवर होता, आणि त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही.

बरं, हेल्पर जुना आहे म्हणालात. सुरुवातीला 'J' हे अक्षर लावलेलं जुनं क्लासनाव जूमला पाचमध्ये बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीच्या (जुना कोड चालू ठेवणाऱ्या) प्लगइनच्या भरवशावर चालतं हे मला ठाऊक आहे, पण ते मी वापरलेलंच नाही. मी वापरलाय तो नेमस्पेसवाला (नव्या पद्धतीच्या नावाचा) टूलबारहेल्पर, आणि पानाचं शीर्षक लावायला कोअरचे स्वतःचे व्ह्यू आजही त्याचीच टायटल मेथड बोलावतात. लेख व्यवस्थापनाच्या कंपोनंटमधली एचटीएमएलव्ह्यूची फाइल उघडून बघा, लांब जायला नको. हेल्परच्या आत काय होतं तेही बघा, तो तोच टूलबार ऑब्जेक्ट घेतो आणि त्यातच बटण टाकतो. म्हणजे तुम्ही ज्याला नवीन म्हणताय तिथेच तो पोचतो, फक्त शिकणाऱ्याला एका ओळीत.

आणि गंमत अशी की तुम्ही ज्या गेटइन्स्टन्सची शिफारस करताय त्याच्याच डोक्यावर डेप्रिकेटेडचा (पुढे काढून टाकणार, वापरू नका असा) शिक्का आहे! जूमला चारमध्ये कोअर स्वतः ती मेथड सर्रास वापरत होता आणि त्याच वेळी तिच्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं होतं की फॅक्टरी (टूलबार बनवून देणारा वेगळा क्लास) वापरा. पाचच्या मालिकेत कोअरच्या व्ह्यूंनी टूलबार डॉक्युमेंटकडून घ्यायला सुरुवात केली. तर डॉक्युमेंटेशन कोणी उघडायचं होतं, मी की तुम्ही? दुसऱ्याला शहाणपण शिकवताना आपलं ताट आधी बघावं, एवढंच म्हणतो.

एक गोष्ट मान्य. लेखाच्या शीर्षकात जूमलाची आवृत्ती लिहायला हवी होती. ती मजकुरात आहे, पण शोधून येणारे लोक शीर्षकच बघतात, तेवढं बदलून टाकतो. मला चूक दाखवलेली चालत नाही असं कोणी म्हणायला नको.

ड्रॉपडाऊनबद्दल म्हणाल तर स्टेटस बदलण्याची सगळी बटणं एका मेनूत कोंबायची, त्यासाठी चाइल्ड टूलबार घ्यायचा, हे सगळं छान आहे, पण ज्याचं पहिलं बटण अजून चालत नाही त्याला मेनू कशाला. परवानगी आणि टोकनचंही तेच. बटण लपवलं म्हणून कोणी तो टास्क थेट पाठवू शकत नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही, कंट्रोलरमध्ये टोकन तपासायचं आणि वापरणाऱ्याला अधिकार आहे का ते ऑथराइजने विचारायचं हे कुणालाही माहीत असतं, लेखाचा विषय टूलबार होता, सुरक्षा नव्हे. त्यावर वेगळं कधीतरी लिहीन. प्रत्येक लेखात सगळंच घातलं तर तो लेख राहत नाही.

राहता राहिला सूर. "असले लेख वाचून लोक चुकीचं शिकतात" असं तुम्ही लिहिलंत. कोण लोक? मला जे मेल येतात त्यात लोक सांगतात की बटण चाललं, आभार. तुम्ही नाव न लावता, स्वतःचा एकही कोडचा तुकडा न देता चार ओळींत दुसऱ्याचं काम निकालात काढता, आणि वर "वाईट वाटून घेऊ नका" असंही लिहिता. वाईट वाटून घेत नाहीये. पण हेच तुम्ही "अमुक मेथड बघा, ही जास्त चांगली" असं सांगितलं असतंत तर मी स्वतः लेखात तुमचं नाव घालून ते टाकलं असतं. अर्थात नाव असतं तर.

यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही, तुम्हाला घालायचा असेल तर कोड घेऊन या.

आणि तुमच्या प्रतिक्रियेच्या गदारोळात खाली एका वाचकाचा साधा प्रश्न बुडाला, त्यांना उत्तर देतो. यादीच्या पानावर चालणारं तुमचं कस्टम बटण एडिटच्या पानावर करडं पडतं आणि दाबताच येत नाही, कारण कस्टमचा पाचवा आर्ग्युमेंट, लिस्टसिलेक्ट, तुम्ही काही दिलं नाही तर ट्रू असतो. म्हणजे बटण वाट बघत बसतं की यादीतल्या एखाद्या चौकटीवर टिक होईल, बॉक्सचेक्डचा (टिक केलेल्या चौकटींचा) आकडा शून्याच्या वर जाईल, मग मी जागं होईन. एडिटच्या पानावर यादीच नाही, टिक कुठून होणार. तिथे फॉल्स पाठवा. आणि चौथ्या जागी बटणाचं नाव, तिसरी जागा रिकामी ठेवायची विसरू नका.