‘गो’चं ‘वेन्ट’च होतं

परवा जुळे सोलापुरात धाकट्या बहिणीकडे गेले होते. भाची नववीत आहे. घटक चाचणीचा इंग्रजीचा पेपर तिनं दप्तराच्या तळाशी दडवला होता. काढून बघितला तर भूतकाळ करायला ‘टीच’ला एड (ed), ‘बाय’ला एड, ‘गो’लाही एड, आणि ओळीनं लाल फुल्या. “मावशी, आता असं चालतं म्हणे,” असं म्हणून तिनं घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज दाखवला. हाच मेसेज मला आठवड्याभरात चौघांनी पाठवलाय. तेव्हा मी नुसता पुसून टाकला, ही माझी चूक झाली.

मेसेज असा: हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की इंग्रजीतली अनियमित क्रियापदं, म्हणजे भूतकाळात एड न लागता ज्यांचं रूप वेगळंच होतं ती, संपत चालली आहेत, त्यामुळे आता कुठल्याही क्रियापदाला एड लावलं तरी बरोबर धरतात. ही वेडीवाकडी रूपं इंग्रजांनी आपल्याला अडकवायला मुद्दाम केली. मराठीत असला गोंधळ अजिबात नाही. ‘लर्न्ट’, ‘बर्न्ट’ साफ चूक. भूतकाळातला प्रश्न असेल तर ‘डिड यू वेन्ट’ म्हणा. आणि खाली, पाठांतर बंद करा, दहा जणांना पाठवा.

हार्वर्डचं आधी बघू, कारण सगळा डोलारा त्या एका नावावर उभा आहे. संशोधन झालंय, हे मान्य करावंच लागेल. 2007 साली ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्या मंडळींनी घेतली आणि पुढच्या बाराशे वर्षांत त्यांचं काय झालं ते तपासलं. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यातली 145 अनियमित राहिली, आज 98 आहेत. ‘हेल्प’चं एके काळी ‘होल्प’ व्हायचं, आता ‘हेल्प्ड’ होतं. इथपर्यंत मेसेज खरा.

पण त्या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष मेसेजवाल्यानं गिळून टाकलाय. जे क्रियापद लोकांच्या तोंडी कमी, ते लवकर नियमित होतं. जे रोज लागतं, ते हटत नाही. वापर शंभरपट कमी असेल तर बदल दहापट लवकर. ‘गो’, ‘कम’, ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘सी’, ‘थिंक’ या गटातली निम्मी क्रियापदं नियमित व्हायला त्यांच्या गणितानं 14,400 वर्षं लागतील. ‘बी’ आणि ‘हॅव’च्या गटाला 38,800. आता लवकर बदलेल म्हणून त्यांनी कुठलं क्रियापद सांगितलं, तर ‘वेड’, म्हणजे लग्न करणे. ते नववीच्या पेपरात कितीदा येतं? मुलांना जी रूपं परीक्षेत लागतात, बोलताना लागतात, नोकरीच्या मुलाखतीत लागतात, नेमकी तीच हजारो वर्षं टिकणारी आहेत. म्हणजे ज्या संशोधनाचा दाखला देऊन पोरांना ‘पाठांतर सोडा’ सांगितलं जातंय, ते संशोधनच उलट सांगतंय. शिवाय वारं एकाच दिशेला वाहतं असंही नाही. ‘स्नीक’चं (गुपचूप सटकणे) नियमित ‘स्नीक्ड’ होतं, तर अमेरिकेत लोकांनी त्याचं ‘स्नक’ करून टाकलं आणि शब्दकोशांनी ते घेतलंही.

मराठीत गोंधळ नाही, हे वाचून तर माझा संताप झाला. मग ‘जाणे’चं ‘गेला’ कुठून आलं? ‘जाणे’ संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’वरून. दोन वेगळ्या धातूंची रूपं एका क्रियापदात नांदतात. ‘गो’चं अगदी तसंच आहे. ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. ‘करणे’चं ‘केलं’, ‘मरणे’चं ‘मेला’, ‘येणे’चं ‘आला’, ‘खाणे’चं ‘खाल्लं’, ‘धुणे’चं ‘धुतलं’, ‘सांगणे’चं ‘सांगितलं’. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं, आई ‘केलं’ म्हणते, आणि वर्षभरात ते मूल ‘केलं’ म्हणायला लागतं. इंग्रज मूलही आधी ‘गो’ला एड लावतंच. माझ्या शिकवणीला कन्नड बोलणाऱ्या घरातली मुलं येतात. त्यांच्याकडे ‘बरु’चं (येणे) ‘बंद’ होतं, ‘कोडु’चं (देणे) ‘कोट्ट’. त्यांना मी हेच दाखवते, मग ‘टीच’चं ‘टॉट’ त्यांना परकं वाटत नाही. सोलापुरातलं पोर घरी एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा सांभाळतं. त्याला पाच-पन्नास रूपं झेपणार नाहीत, असं ठरवणारे तुम्ही कोण?

इंग्रजांनी मुद्दाम केलं म्हणे. जर्मन भाषेतही ‘झिंगेन’चं ‘झांग’ होतं, जसं ‘सिंग’चं ‘सँग’. स्वर बदलून भूतकाळ करायची ही रीत या दोन्ही भाषांच्या पूर्वज भाषेतली, ईस्ट इंडिया कंपनीच्या कितीतरी शतकं आधीची.

‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’ दोन्ही बरोबर. पहिलं ब्रिटनमध्ये जास्त, दुसरं अमेरिकेत. ‘बर्न्ट’चंही तेच. ‘डिड’नंतर मूळ रूपच येतं, ‘डिड यू गो’, कारण भूतकाळ ‘डिड’नं आधीच दाखवलेला असतो.

पाठांतर रुक्ष वाटतं ही मुलांची तक्रार मात्र खरी आहे. अकारविल्हे तीन रकान्यांची यादी घोकायला लावली की कुणालाही कंटाळा येईल. त्या संध्याकाळी भाचीला मी गट पाडून दिले. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’, ‘शट’ बदलतच नाहीत, ते एकीकडे. ‘सिंग-सँग’, ‘रिंग-रँग’, ‘ड्रिंक-ड्रँक’ दुसरीकडे. ‘बॉट’, ‘ब्रॉट’, ‘थॉट’, ‘कॉट’, ‘टॉट’ तिसरीकडे, आणि ‘ब्रिंग’ ‘सिंग’सारखं दिसलं तरी या तिसऱ्या गटात बसतं, हे तिला दोनदा सांगितलं. ‘रीड’ लिहायचं तसंच, म्हणायचं ‘रेड’. जेवायची वेळ होईपर्यंत तिला तीस रूपं येत होती. मग पेपर तिनं स्वतःच आईला दाखवला.

ग्रुपवर ज्यांनी तो मेसेज टाकला, त्या काकांना मी फोन केला. त्यांनी तो काढून टाकलाय. तुमच्या ग्रुपवर असेल तर तिथूनही काढायला सांगा, सहामाही परीक्षा तोंडावर आलीय.